गाळलेलं पहिलं प्रकरण

३ जून

घेतलं लोढणं गळ्यात बांधून!

सकाळी अध्यक्षांचा फोन. स्वतः. "बाई, संस्थेला पन्नास वर्षं होतायत. शाळा आणि इंजिनिअरिंग कॉलेज, दोन्हींचा मिळून एक इतिहास छापायचाय. तुम्ही लिहा." म्हटलं, निवृत्त माणसाला कशाला त्रास? तर म्हणाले, "तुमच्याइतकी जुनी माणसं आता उरलीत कुठे?" म्हणजे उरलेय म्हणून मी. हुशार म्हणून नव्हे. तरी हो म्हणून बसले. जन्मभर या शाळेत भाषा शिकवली, पोरांचे निबंध तपासले, पण स्वतःचं एक पान कधी छापून आलं नाही. तो मोह, दुसरं काय.

यांना सांगितलं. हे शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाले, "इतिहास हवाय त्यांना की गोडवे?"

मलाच ठाऊक नाही.

५ जून

कॉलेजात जाऊन आले. समोरून सगळी काच. आपलंच तोंड दिसतं, आत कोण आहे ते दिसत नाही. शाळा मागच्या अंगाला, कॅन्टीनच्या धुराड्याखाली ढकललेली. एके काळी हीच शाळा पुढे होती आणि कॉलेज मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये! घरात आलेली सून बघता बघता घराची मालकीण झाली आणि सासू माळ्यावर गेली. (हे घरी कुणाला वाचायला मिळू नये.)

प्राचार्य भेटले. कॉलेजचे. गुळगुळीत माणूस. पुढच्या काही महिन्यांत तपासणी समिती येतेय, तिच्या शेऱ्यावर कॉलेजचा दर्जा ठरणार, आणि पुस्तक समितीच्या हातात पडणार. "पहिलं प्रकरण 'दूरदृष्टी' असं ठेवू. सुरुवातीपासून गुणवत्ता, असा धागा पाहिजे."

अध्यक्षही होते खोलीत, पण कुठे? खुर्ची उलटी करून, हातात पाना घेऊन तिचं चाक बसवत जमिनीवर! एवढ्या मोठ्या संस्थेचा मालक, पण मोडकी वस्तू दिसली की हात शिवशिवतात. म्हणून तर स्टाफने नाव पाडलंय — पानासाहेब. खालूनच म्हणाले, "बाई, आईला भेटा. सगळं तिला माहितेय."

९ जून

आज घरात सुतकी कळा.

ठकू आमची नात. आमच्याच शाळेच्या बालवर्गात आहे, पुढच्या महिन्यात पहिलीत जायची. मुख्याध्यापिकेने आज सूनबाईला बोलावून सांगितलं, "हिला पहिलीत घेता येणार नाही. वाचन शून्य आहे. दुसरी शाळा बघा, तिच्याच भल्यासाठी."

ही मुख्याध्यापिका माझी विद्यार्थिनी. निबंधात पानभर उपमा घालायची. मी फोन केला. फार गोड बोलली. "बाई, तुमचा मान आहेच, पण आता शाळेचेही निकाल बघतात हो वरून."

ठकू बुद्धीने कमी नाही. एकदा ऐकलेली गोष्ट ती शेवटच्या शब्दापर्यंत सांगते, वर माझ्या चुका काढते. पण पुस्तक समोर धरलं की चित्र बघते आणि मनचं काहीतरी दडपून म्हणते. 'घर' लिहिलेलं असतं आणि ही म्हणते 'झोपडी', कारण चित्रात झोपडी असते. मुलगा म्हणतो, आळस आहे. सूनबाई म्हणते, लाड आहेत — आणि बघते माझ्याकडे.

ठकू संध्याकाळी मला म्हणाली, "आजी, मला शाळेतून काढलं का?"

"नाही गं."

"मग आई रडते का?"

१३ जून

मोठ्या बाईंकडे गेले होते. संस्थापिका. नव्वदीला टेकल्यात. मुलाच्या बंगल्यात राहत नाहीत, जुन्या दोन खोल्यांत राहतात, सोबतीला एक नर्स. ऐकायला कमी येतं, पण जीभ अजून तिखट. मला बघून नर्सला म्हणाल्या, "हिला मीच नोकरीला ठेवली होती. मुलाखतीत विचारलं, पोरांवर चिडता का? म्हणाली, हो. म्हटलं, खरं बोलते, ठेवा."

मग सांगायला लागल्या. हात चालेना माझा, लिहायचं की ऐकायचं!

"समाजसेवेसाठी शाळा काढली असलं काही लिहू नकोस. साफ खोटं आहे. माझ्या पोरासाठी काढली."

पोर म्हणजे अध्यक्ष! तीन शाळांनी काढलं होतं त्यांना. एक ओळ वाचायची म्हटली की घामाघूम. "शेवटच्या शाळेत मास्तरांनी मला वर्गाबाहेर बोलावलं. म्हणाले, याला कुठल्या तरी गॅरेजात चिकटवा, आमचा वेळ घालवू नका. हा माझं बोट धरून उभा होता. त्याला काय ऐकू येत नव्हतं?"

 घराजवळ आल्यावर मुलाने एवढंच विचारलं, "गॅरेजात पण नाही घेतलं तर?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी टायरच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. आजूबाजूला हिंडून मुलं गोळा केली. सगळी अशीच, कुठून ना कुठून काढलेली. कुणी तोतरं, कुणी मारकुटं, एक मुलगी तर वर्षभर कुणाशी शब्द बोलली नव्हती. लोक 'भंगार शाळा' म्हणायचे. "मी म्हणायचे, बरोबर आहे, सुटे भाग भंगारातच मिळतात." नियम एकच. दुसऱ्यांनी काढलेलं मूल आधी घ्यायचं. जागा उरली तर हुशार घेऊ.

मला हे काही माहीत नव्हतं. मी आले तेव्हा शाळा तीन मजली होती, आणि बाहेर हुशार मुलांच्या आईबापांची रांग.

"आणि कॉलेज?" मी विचारलं.

बाई हसल्या. टायरवाल्याचा हवा भरायचा पंप मुलाने एका दुपारी सुटा करून पुन्हा जोडला. आधीपेक्षा बरा चालायला लागला. यंत्रांत जीव त्याचा. पण इंजिनिअरिंगला कोण घेणार? लेखी परीक्षेत भोपळा. "मग तोच म्हणाला, आपण काढू." संध्याकाळी शाळा सुटली की त्याच वर्गांत कॉलेज भरायचं. मिशा फुटलेली पोरं बालवर्गाच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला. लेथ मशीन आणलं तर दारातून आत जाईना. भिंत पाडली! पहिल्या तुकडीतले सगळे असेच, कागदावर नापास, हाताने पास.

निघताना माझा हात धरला. "हे लिही. आधी हेच लिही. मग बाकीचं." लिहीन, म्हटलं.

आता त्याच शाळेने माझ्या नातीला सांगितलंय — दुसरीकडे बघा. बाईंना हे सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही.

१४ जून

सकाळपासून लिहितेय. स्वयंपाक यांनी केला. गिचका झालेला भात, पण केला.

२० जून

पहिलं प्रकरण झालं. वाचून बघितलं. माझ्या हातून असं कधी उतरलं नव्हतं. कुठे झाकलं नाही, कुठे रंग चढवला नाही. शेवटी एकच प्रश्न लिहिला — आज तो मुलगा आपल्या दारात आला, तर आपण त्याला घेऊ का?

यांना वाचून दाखवलं. शब्दकोडं बाजूला ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "छापणार नाहीत." थोड्या वेळाने म्हणाले, "चांगलं लिहिलंयस."

लग्नाला इतकी वर्षं झाली. असं पहिल्यांदा म्हणाले.

२७ जून

बोलावणं आलं. प्राचार्य तापलेले, पण आवाज गुळगुळीतच.

"नाकारलेल्यांची संस्था? असं समितीला सांगायचं आपण? आणि आपले अध्यक्ष तीन शाळांतून काढलेले? मॅडम, हे बदनामीत मोडतं."

"मोठ्या बाईंनी सांगितलंय."

"त्यांचं वय झालंय."

अध्यक्ष खिडकीशी उभे होते, पाठ करून. त्यांच्यासाठी वेगळी दिलेली माझी फाइल टेबलावर. दोरीही न सोडलेली. मला वाईट वाटलं ते त्याचं! इतक्या मेहनतीने लिहिलं, हात लावायचीही तसदी नाही. म्हटलं, "साहेब, तुम्ही स्वतः एकदा वाचा. मग म्हणाल ते."

"प्राचार्यांनी सांगितलं मला काय आहे ते." वळून बघितलंही नाही. "ते प्रकरण काढा, बाई."

मी उठले. दाराशी पोचले तर मागून म्हणाले, "तुमची नात आपल्याच शाळेत ना? काहीतरी कानावर आलं. बोलतो मी मुख्याध्यापिकांशी. काळजी करू नका."

सहज म्हणाले? की देवघेव होती? येताना बसमध्ये दोन्ही वाक्यं मनात एकमेकांना घासत होती. दोन्ही त्यांनी एकाच आवाजात म्हटली.

२८ जून

घरी सांगायला नको होतं. सांगितलं.

सूनबाई शांतपणे म्हणाली, "आई, तुमचं एक प्रकरण आणि तिचं अख्खं शिक्षण. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

मुलगा म्हणाला, "असली पुस्तकं कोण वाचतं? फोटो बघतात आणि टेबलाचा पाय डुगडुगला तर खाली घालतात."

मी म्हटलं, मोठ्या बाईंना शब्द दिलाय. सूनबाई म्हणाली, "ठकूला कुणी शब्द दिलाय?"

 तिचं पोर आहे. माझंही आहे. आईच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि याहून कडक.

यांना विचारलं. "तुला चैन पडेल का तेवढं बघ," म्हणाले. सल्ला मागितला की हे असे हवामानखात्यासारखे बोलतात.

२ जुलै

नवं पहिलं प्रकरण लिहिलं. 'ज्ञानाचा दीप', 'गुणवत्तेचं बीज', 'दूरदृष्टीचा वटवृक्ष'. पोरांच्या निबंधात अशा ओळींखाली मी लाल रेघ मारायचे. किती भरभर झालं! खोटं लिहायला विचार लागत नाही, हात आपोआप वळतो.

टायरचं दुकान गेलं. तोतरं पोर गेलं. भिंत पाडली ते राहिलं, पण आता ती 'विस्तारासाठी' पाडली.

४ जुलै

ठकू पहिलीत. मुख्याध्यापिकेचा फोन आला — पुनर्विचार झाला म्हणे. सूनबाईने मला मिठी मारली. कधी मारत नाही.

मी हसले. हसायलाच हवं होतं.

१० जुलै

मोठ्या बाईंकडे पुस्तकासाठी नेलेले जुने फोटो परत द्यायला गेले. फोटो नर्सच्या हातात देऊन निघणार होते, तर आतून हाक आली.

"लिहिलंस?"

"लिहिलं." खोटं नव्हे. लिहिलं तर होतंच.

"वाचून दाखव."

"आज आणलं नाही, बाई. पुढच्या वेळी."

त्या बघत राहिल्या. पोराने गृहपाठ विसरलो म्हटलं की आम्ही मास्तरणी जसं बघतो, तसं.

१६ जुलै

फोटोंखालच्या ओळी द्यायला शाळेत गेले होते. जाता जाता पहिलीच्या वर्गात डोकावले. जायला नको होतं. नव्हे, बरं झालं गेले.

सगळी मुलं एका सुरात वाचत होती. ठकू शेवटच्या बाकावर, एकटी, रंगपेटी घेऊन. एक पान रंगवून झालेलं, त्याच रंगावर पुन्हा दुसरा रंग देत होती. मुलांनी पान उलटलं की ही मान वर करायची. मग पुन्हा खाली.

वर्गाची बाई नवी, चांगली मुलगी आहे. बाहेर आली. "मॅडम, वरून सांगितलंय तिला त्रास द्यायचा नाही. म्हणून मी तिला वाचायला लावतच नाही. अजिबात रागावत नाही."

"शिकवता का?"

ती गोंधळली. "तसं काही सांगितलं नव्हतं."

हे विकत घेतलं मी! जागा मिळाली. शाळा नाही मिळाली. मोठ्या बाईंच्या त्या खोलीत फळाही धड नसेल, पण तिथे कुणाला असं बाकावर ठेवून विसरून गेले नसतील. काढून टाकलेल्या मुलाला निदान कळतं की आपल्याला काढलंय. हिला तेही कळणार नाही. वर्षानुवर्षं रंगवत बसेल.

परत येताना तिला घेऊनच आले. म्हणाली, "आजी, मला सगळ्यांत जास्त चित्रं मिळतात." मग जरा चालून झाल्यावर, "ते सगळे वाचतात तेव्हा मी पण तोंड हलवते."

१७ जुलै

अध्यक्षांना फोन केला. आवाज कापू नये म्हणून उभं राहून बोलले.

"माझं पहिलं प्रकरण होतं तसं छापा. नाहीतर पुस्तकावरून माझं नाव काढा. आणि नातीसाठी तुम्ही शब्द टाकलात, आभारी आहे, पण मला असला शब्द नको. तिला जागा नकोय, साहेब. तिला शिकवायला कुणीतरी हवंय. तुमच्या आईने तेवढ्यासाठीच शाळा काढली होती."

 

मग म्हणाले, "शिकवून येतं असं वाटतं तुम्हाला?"

"माहीत नाही. पण शिकवल्याशिवाय कसं कळणार?"

"बरं," म्हणाले. आणि ठेवला.

 आता होईल ते होवो.

१८ जुलै

सूनबाई बोलत नाही. भांडली असती तर परवडलं असतं. "जेवायला वाढलंय," एवढंच, तेही ठकूकडून निरोप. मुलगा दोघींच्या मधून पाय न वाजवता फिरतो. रागावण्याचा तिला हक्क आहे. मी तिला विचारलं नाही, आणि तिच्या मुलीची जागा पणाला लावली. तत्त्वं माझी, किंमत पोरीची.

प्राचार्यांचा निरोप — मजकूर आता एका जाहिरात कंपनीकडे सोपवलाय, माझ्याकडचे कागद जमा करावेत.

२० जुलै

काही नाही. फोन वाजला की घर दचकतं. आज वाजला, चुकीचा नंबर होता.

२१ जुलै

मी आणि ठकू. वाळू ताटात पसरून तिच्या बोटाने अक्षर गिरवून घेतेय. एक 'ग' दुपारभर. पुसला की गेला. पुन्हा. मी चिडले. ती रडली. मग मीही. सूनबाई दारातून बघत होती. काही न बोलता आत आली, खाली बसली आणि ठकूचं बोट धरलं.

मला उठवलं नाही. मीही उठले नाही.

२४ जुलै

संध्याकाळी दार वाजलं. अध्यक्ष. एकटेच, गाडी कोपऱ्यावर ठेवून आलेले, काखेत माझी फाइल. वाटलं, भांडायला आले. पाणीही नको म्हणाले. "प्राचार्य म्हणतात तुम्ही माझी चेष्टा केलीय. आई म्हणते, ती असं करणार नाही. मला ऐकायचंय. वाचून दाखवा."

मी म्हटलं, "फाइल तर इतके दिवस तुमच्याचकडे होती."

ते फाइलची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. खाली ठकू पुस्तक घेऊन बसली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, बराच वेळ.

"तुम्हाला पण येत नाही वाचायला?"

सूनबाई आतून धावत आली. त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"नाही येत," ते ठकूला म्हणाले.

"अक्षरं हलतात म्हणून?"

हे तिने आजवर आमच्यापैकी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते खुर्चीवरून उतरून तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "हो," म्हणाले. "अजून हलतात."